गुणवत्ता यादी आणि हेतुनिवेदन : प्रवेशाच्या दोन संहितांचे एक वाचन

प्रास्ताविक

उच्च शिक्षणातील प्रवेश हा विषय आपल्याकडे शिक्षणशास्त्राचा, कायद्याचा किंवा जून-जुलै महिन्यांतील वृत्तपत्रीय बातम्यांचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखिकेलाही वाटत नव्हते. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणारी, आमच्याकडे मराठीचा ऐच्छिक विषयही घेतलेली एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागण्यासाठी विभागात आली, तेव्हा या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ती राहते वाकोल्याला. तिला पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज करावयाचे होते. एक ठिकाण सांताक्रूझ पूर्वेतच, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरीतील अर्थशास्त्र विभाग. दुसरे महाराष्ट्राबाहेरचे, गेल्या काही वर्षांत नावारूपाला आलेले एक खाजगी विद्यापीठ. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

कलिन्यासाठी तिला माझ्याकडून काहीच नको होते. गुणपत्रिका, दाखले, शुल्काची पावती आणि प्रवेशपरीक्षा एवढ्यावर ते काम भागत होते. खाजगी विद्यापीठाला मात्र दोन शिक्षकांची शिफारसपत्रे आणि तिचे स्वतःचे एक निवेदन हवे होते. मी कोण आहे, येथवर कशी आले, हाच विषय का, पुढे काय करणार, हे सारे ठरावीक शब्दमर्यादेत. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्यासाठी 'हेतुनिवेदन' हा शब्द येथे योजला आहे. शिफारसपत्राच्या नमुन्यात एक प्रश्न असा होता, की आपण आजवर शिकविलेल्या विद्यार्थ्यांपैकी ही विद्यार्थिनी पहिल्या एक टक्क्यात बसते, पाचात, की दहात? मी या प्रश्नापाशी बराच वेळ थांबले. आमच्या वर्गात मराठीला सोळा विद्यार्थी होते. सोळांतील एक टक्का म्हणजे तिचे नेमके काय?

प्रस्तुत लेखाचा हेतू प्रतिष्ठित खाजगी विद्यापीठ चांगले की अग्रगण्य सार्वजनिक विद्यापीठ चांगले, हा वाद सोडविण्याचा नाही. तो वाद पालकसभांतून पुरेसा होतो. येथे प्रवेशाच्या दोन पद्धतींनी निर्माण केलेल्या दोन संहिता, म्हणजे भिंतीवर लागणारी गुणवत्ता यादी आणि अर्जासोबत जाणारे हेतुनिवेदन, या साहित्यकृतीप्रमाणे वाचून पाहिल्या आहेत. या संहिता कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, त्यांत काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

देणगीपासून निवेदनापर्यंत

मराठीत 'खाजगी' या शब्दाला शिक्षणाच्या संदर्भात जो वास चिकटला आहे तो आधी ध्यानात घ्यावा लागतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात राज्यात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. 'विनाअनुदानित' हा शब्दच नकारातून घडलेला आहे. शासनाचे जे अनुदान तेथे नाही, त्यावरून त्या संस्थेची ओळख. पुढील दोन दशके मध्यमवर्गीय मराठी घरांत 'डोनेशन भरून घातला' हे वाक्य आवाज खाली आणून उच्चारले जाई. सरकारी महाविद्यालयात ज्याचे गुण पुरले नाहीत त्याच्यासाठी ही वाट होती, आणि ती पैशाची होती हे सर्वांना ठाऊक होते. महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा कायदाही केला. म्हणजे ज्या राज्याने हे दार उघडले त्यानेच चार वर्षांत त्यावर पाटी लावली. पाटीने दार बंद झाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

न्यायालयीन इतिहास येथे विस्ताराने देण्याची गरज नाही. कर्नाटकातील मोहिनी जैन प्रकरणात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी अवैध ठरविली, उन्नीकृष्णन प्रकरणात (१९९३) खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील जागांची 'मोफत' आणि 'सशुल्क' अशी वाटणी केली, टी.एम.ए. पै निकालाने (२००२) ती व्यवस्था मोडीत काढली; आणि ज्या प्रकरणात महाराष्ट्र राज्य पक्षकार होते त्या पी. ए. इनामदार निकालाने (२००५) विनाअनुदानित संस्थांवर शासनाला आपला कोटा अथवा आरक्षण लादता येणार नाही असे सांगितले. त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षी संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती केली व अनुच्छेद १५ मध्ये पाचवा खंड आला. त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत अध्यापन करणाऱ्या कोणालाही या अपवादाची व्याप्ती समजावून सांगावी लागू नये; आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत अल्पसंख्याक कोटा, अंतर्गत कोटा आणि व्यवस्थापन कोटा हे शब्द एकाखाली एक छापलेले असतात.

या इतिहासात एक गोष्ट मात्र कायद्याच्या पुस्तकांत सापडत नाही. १९९० पर्यंत ज्या 'खाजगी'पणाची लाज वाटत असे, त्याचाच पुढच्या पिढीला अभिमान कसा वाटू लागला? पैसे दोन्हीकडे लागतात. किंबहुना आताचे शुल्क त्या काळच्या देणगीला लाजवील असे आहे. माझे म्हणणे असे की बदल पैशात झाला नाही, निवडीच्या भाषेत झाला. देणगी मुकी होती. ती देणाऱ्याविषयी एकच गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट लपवावी लागे. हेतुनिवेदन बोलके आहे. ते सांगते की तुझी निवड तुझ्या गुणांवरून झालेली नाही, तुझ्या पैशावरून तर मुळीच नाही, तुझ्या समग्र व्यक्तिमत्त्वावरून झाली आहे. शुल्काची पावती त्यानंतर येते, आणि तोपर्यंत ती आपल्या योग्यतेची पोचपावती वाटू लागलेली असते.

या भाषेचा उगम आपल्याकडचा नाही. जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' (२००५) या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या प्रवेशाचा इतिहास तपासला आहे. परीक्षेतील गुणांवर प्रवेश द्यावा तर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढते, असे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लक्षात आल्यावर या विद्यापीठांनी चारित्र्य, नेतृत्व, शिफारसपत्रे, मुलाखत अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना प्रवेशात स्थान दिले. आज आपण 'समग्र मूल्यमापन' म्हणून ज्याचे कौतुक करतो त्याची जन्मपत्रिका ही अशी आहे. यावरून आजच्या प्रत्येक खाजगी विद्यापीठाचा हेतू तोच आहे असे अर्थातच सिद्ध होत नाही. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या संस्था कौटुंबिक उत्पन्न पाहून शुल्कसवलत देतात आणि माझे काही विद्यार्थी अशा सवलतींमुळेच शिकले आहेत. पण साधनाला इतिहास असतो, आणि ते हाती घेणाऱ्याने तो जाणून घ्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

येथे थोडे विषयांतर. सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेला जुहूच्या रस्त्यावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर आहे. आज ते शासनमान्य सार्वजनिक विद्यापीठ आहे. परंतु १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ते स्थापन केले तेव्हा त्याला सरकारची मान्यता नव्हती. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली तेव्हाही नव्हती. वैधानिक दर्जा आला तो १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे ते अगदी शब्दशः खाजगी विद्यापीठ होते, आणि देणगीवरच उभे होते. फरक एवढाच, की ती देणगी आत येणाऱ्या मुलीच्या बापाने द्यावयाची नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी चौकटीत न बसणाऱ्या मुलींसाठी कर्व्यांनी मातृभाषेतून शिकविणारे विद्यापीठ काढले आणि त्याच्या पदवीला 'गृहीतागमा' असे नाव दिले. त्या नावाची थट्टा झाली असेल, पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत मिळाली नसेल. तरी मान्यतेच्या बाहेर राहून कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणारी संस्था आपल्याकडे होऊन गेली आहे. खाजगी विरुद्ध सार्वजनिक हा भेद आपण आज ज्या ठामपणे मांडतो त्याला सांताक्रूझच्या पश्चिमेकडूनच तडा जातो.

यादीचे वाचन

सुमारे बारा वर्षांपूर्वी एम.फिल.च्या प्रवेशासाठी मी कलिन्यात गेले होते. (ही पदवी २०२२ च्या विनियमांनी बंद झाली. आमच्यासारख्यांच्या नावापुढे ती आता एखाद्या बंद पडलेल्या गिरणीच्या ओळखपत्रासारखी राहिली आहे.) विभागाबाहेरच्या फलकावर टंकलिखित यादी डकवलेली होती. अनुक्रमांक, आडनाव, नाव, प्रवर्ग, गुण. माझे नाव सातवे. वरच्या सहांना माझ्याहून किती अधिक आणि खालच्यांना किती कमी, हे कोणालाही बोट ठेवून पाहता येत होते. शेजारी उभा असलेला एक मुलगा आपले नाव नसल्याचे पाहून आत गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. त्याच्या एका विषयाचे गुण चुकीचे धरले गेले होते. दुसऱ्या यादीत त्याचे नाव लागले.

यादीची ताकद या पाच मिनिटांत आहे. ती निकालाबरोबर कारणही प्रसिद्ध करते. कारण चुकीचे असेल तर ते दाखवून देता येते. हेतुनिवेदनाच्या पद्धतीत नकार येतो तो अतिशय सौजन्यपूर्ण भाषेत येतो. यंदा उत्कृष्ट अर्जांची संख्या फार होती, आम्हांला खेद वाटतो, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यात बोट ठेवण्यासारखी जागाच नसते. जेथे कारण नाही तेथे हरकत कशावर घेणार?

तथापि यादीला निष्पाप समजणे ही मोठी चूक ठरेल. मुंबईत २००८ मध्ये अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आले, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९०:१० ची वाटणी आली, आणि दोन्ही उच्च न्यायालयात टिकली नाहीत. त्या दोन उन्हाळ्यांत हे उघड झाले की एका मंडळाचे ९० आणि दुसऱ्या मंडळाचे ९० एकाच स्तंभात लिहिले म्हणून एक होत नाहीत. यादीतील अंकामागे मंडळ आहे, मंडळामागे शाळा, शाळेमागे शिकवणी, शिकवणीमागे घराचा पत्ता. यादी हे सारे पुसून फक्त शेवटचा अंक ठेवते. मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये गुणवत्तेच्या राज्याविषयी लिहिले ते उपहास म्हणून. पुढे जगाने त्यांचा शब्द गंभीरपणे, आदर्श म्हणून उचलला आणि उतारवयात त्यांना त्याबद्दल जाहीर तक्रार करावी लागली. आपण 'मेरिट' हा शब्द ज्या स्वरात उच्चारतो त्यात तो उपहास शिल्लक राहिलेला नाही.

आणि सार्वजनिक विद्यापीठ 'सार्वजनिक' कोणाचे, हा प्रश्न तर यंगच्या फार पूर्वीचा आणि आपल्या मातीतला आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली आणि महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत होते. त्यानंतर दोन तपेही उलटली नव्हती तोच, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले की सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्यांच्या श्रमातून, आणि उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. हेही निवेदनच होते, हे लक्षात घ्यावे. मात्र त्यात फुले स्वतःसाठी जागा मागत नव्हते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात प्रवेश कोणाला, याची आपल्याकडील पहिली मोठी समीक्षा म्हणून ते वाचले पाहिजे.

यादीत पुढे 'प्रवर्ग' हा स्तंभ आला तो या समीक्षेचा दूरचा परिणाम म्हणता येईल. या स्तंभाचे एक वैशिष्ट्य आहे. तो गोष्ट मागत नाही. दाखला जोडला की काम झाले. तुम्ही काय सोसले हे लिहून दाखवा, असे तो म्हणत नाही. निदान तत्त्वतः तरी नाही. प्रत्यक्षात जातपडताळणी समितीपुढे उभे राहिलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला विचारा. कुलदैवत कोणते, लग्नात काय करतात, मृतास काय करतात, बोली कोणती, अशी आप्तभाव चाचणी त्याला द्यावी लागते, आणि शहरात तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबातील मूल तीत अडखळते. या चाचणीला एकमेव कसोटी मानता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगावे लागले. म्हणजे सार्वजनिक व्यवस्थाही संधी मिळाली की कथा मागते. फक्त ती आपल्या सोयीची, साचेबंद कथा मागते.

त्याच २०२३ मध्ये, जून महिन्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड प्रकरणात प्रवेशासाठी वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. निकालात एक खिडकी मात्र उघडी ठेवली, ती अशी की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने आपल्या निबंधात लिहिण्यास मनाई नाही. स्तंभ रद्द झाला, गोष्ट शिल्लक राहिली. हक्क म्हणून जे मागता येत होते ते आता परिणामकारक गद्यात मागावे लागणार. आपल्याकडे आरक्षणाऐवजी 'समग्र' निवड आणावी असे सुचविणाऱ्यांनी या अदलाबदलीचा अर्थ नीट समजून घ्यावा.

निवेदनाचे वाचन

आता आमच्या विद्यार्थिनीच्या मसुद्याकडे वळू. तिची आई वाकोल्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. मसुद्याची सुरुवात आईच्या भाजलेल्या बोटांपासून होती. पुढे एक खोली, मोरीशेजारचा अभ्यास, पावसाळ्यात गळणारे छप्पर, आणि या सर्वांतून तिला गवसलेले अर्थशास्त्र. इंग्रजी सफाईदार होते. तिच्या ओळखीच्या एका मुलीने तीन ठिकाणी यशस्वी झालेला नमुना तिला दिला होता. "मॅडम, अशीच सुरुवात करतात," ती म्हणाली. छप्पर गळते का, असे मी विचारले. ती हसली. छप्पर गळत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच पत्रे बदलले होते.

मला राग आला नाही, ओळख पटली. हा साहित्यप्रकार मी शिकविते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), उर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) या आत्मकथनांनी मराठी वाचकाला अभावाचे जे तपशील प्रथम वाचायला लावले, तेच तपशील आता प्रवेशाच्या अर्जात क्रमाने येतात. बाह्यतः साम्य मोठे आहे. पण निवेदकाचे वाचकाशी असलेले नाते उलटे झाले आहे. आत्मकथनातील 'मी' वाचकावर आरोप ठेवतो. त्याला वाचकाकडून काही मिळवायचे नसते, म्हणून तो त्याला अस्वस्थ करू शकतो. हेतुनिवेदनातील 'मी' वाचकाच्या दारात उभा असतो. त्याने दुःख सांगावे, पण वाचकाला अपराधी वाटेल इतके सांगू नये. त्याने राग दाखवू नये. शेवटच्या परिच्छेदात दुःखाचे रूपांतर आशेत झालेच पाहिजे, तेही याच विद्यापीठाच्या साहाय्याने होणार असल्याचे नमूद करून. 'उपरा'चा निवेदक या परीक्षेत नापास होईल. 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकराचा तर विचारच नको. बापाचे पैसे खर्चून, पदवीविना गावी परतलेल्या त्या मुलाने आपला हेतू पाचशे शब्दांत कसा सांगितला असता?

सुखवस्तू घरातील मुलाचीही या प्रकारात वेगळीच ओढाताण होते, हे नमूद केले पाहिजे. त्याच्याकडे दुःख नसते, म्हणून तो ते शोधायला जातो. सुट्टीत एखाद्या खेड्यात पंधरा दिवस शिकवितो, झोपडपट्टीत वाचनालय काढतो, आणि निवेदनात ते येते. गरीब मुलाला आपले आयुष्य सामग्री म्हणून वापरावे लागते, श्रीमंत मुलाला दुसऱ्याचे. अंधेरी ते वांद्रे या पट्ट्यात अशी निवेदने घडवून देणाऱ्या समुपदेशन केंद्रांच्या पाट्या आता शिकवणी वर्गांच्या पाट्यांशेजारी दिसतात. समग्र व्यक्तिमत्त्वाचीही शिकवणी लावता येते.

मी तिला आईच्या धंद्याविषयी विचारत गेले. तेव्हा कळले की बारावीपासून केंद्राचा हिशेब तीच लिहिते. पिठाचा भाव, गॅसचा सिलिंडर, दिवसाच्या पोळ्या, उधारी. तीन वर्षांच्या तीन वह्या. त्या वह्यांतून तिच्या लक्षात आले होते की पीठ महागले की आई पोळीची किंमत लगेच वाढवत नाही. पोळी थोडी लहान लाटते. गिऱ्हाईक किंमत मोजून पाहते, वजन करून पाहत नाही. पण रोजच्या डब्याच्या गिऱ्हाइकांसाठी मात्र पोळी लहान होत नाही, कारण ते महिन्याचे पैसे आगाऊ देतात. हे सारे तिने सहज सांगितले. मसुद्यात यातले एक अक्षर नव्हते. का नाही, असे विचारल्यावर तिचे उत्तर होते, "ते साधंच आहे ना, मॅडम."

या उत्तरात दोन्ही संहितांची मर्यादा सापडते. कलिन्याची प्रवेशपरीक्षा तिला या वह्यांविषयी विचारणार नव्हती. तेथे बहुपर्यायी प्रश्न होते आणि ते सर्वांना सारखे होते. खाजगी विद्यापीठाने विचारले होते, तोंडभर विचारले होते, पण प्रश्नाभोवती नमुन्यांची जी बाजारपेठ उभी राहिली आहे तिने मुलीला असे शिकवले की तुझी भाजलेली बोटे दाखव, तुझी वही नको. तिच्याजवळ विचार होता; तिला वाटले आपल्याकडून फक्त वेदना हवी आहे. 'आयदान'मध्ये आईचे विणकाम आणि लेखिकेचे लेखन यांचे नाते जुळते ते वेदनेपुरते नाही, कारागिरीचे आहे. ते नाते वाचणारी नजर प्रवेशसमितीकडे नसते असे मी म्हणणार नाही. अर्ज लिहिणाऱ्या मुलीला मात्र ती तेथे असेल याचा भरवसा नव्हता.

वेळापत्रक

साहित्यिक वाचनाला येथे जमिनीवर आणणारी एक गोष्ट सांगायला हवी. दोन विद्यापीठांतील सर्वांत निर्णायक फरक त्यांच्या वेळापत्रकात निघाला. खाजगी विद्यापीठाचे अर्ज हिवाळ्यात सुरू होतात, उत्तर वसंतात येते आणि जागा राखण्यासाठी अनामत रक्कम उन्हाळ्याआधी भरावी लागते. सार्वजनिक विद्यापीठाची प्रक्रिया निकालावर अवलंबून, आणि निकाल परीक्षा विभागावर. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा प्रयोग एकाएकी केला, निकाल कित्येक महिने रखडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या वर्षी ज्या विद्यार्थ्यांचे अन्यत्रचे प्रवेश हुकले त्यांच्यासाठी गुणवत्ता यादीची पारदर्शकता निरुपयोगी होती. यादी लागायला निकाल तर हवा. पुढील वर्षांत परिस्थिती सुधारली. पण पालकांच्या मनातील धास्ती अजून ओसरलेली नाही, आणि खाजगी विद्यापीठांच्या वेळेवरच्या पत्राला त्या धास्तीचा आधार मिळतो. विद्यापीठाच्या विभागांतील रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावर चाललेले अध्यापन यांविषयी लिहावे तेवढे थोडे. सार्वजनिक विद्यापीठाची बाजू घेणाऱ्याने हे झाकून ठेवल्यास त्या बाजूला काही बळ येत नाही.

मार्च अखेरीस विद्यार्थिनीला खाजगी विद्यापीठाचे पत्र आले. शुल्कात अर्धी सवलत होती. उरलेले अर्धे शुल्क आणि वसतिगृह मिळून होणारी रक्कम तिच्या आईच्या केंद्राच्या वर्षाच्या मिळकतीहून अधिक होती, हे तिने वहीवरूनच सांगितले. अनामत भरण्यास तीन आठवडे होते आणि कलिन्याच्या प्रवेशपरीक्षेची तारीखही तेव्हा जाहीर झालेली नव्हती. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे आदेश आहेत. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याची तरतूद होती. परंतु परत मिळणारे पैसेसुद्धा आधी जवळ असावे लागतात. ज्या घरात चार महिने पैसे अडकवून ठेवता येतात त्या घरातील मूल दोन्ही दारे उघडी ठेवू शकते. बाकीच्यांना एक दार दुसरे उघडण्याआधीच लावावे लागते. शासनाच्या सवलतींचाही येथे उपयोग होत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ केले, पण खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली. धोरण म्हणून हे समजण्यासारखे आहे. शासनाने खाजगी शुल्काचा बोजा का उचलावा? त्याचा अर्थ मात्र असा होतो, की प्रतिष्ठित खाजगी विद्यापीठाचे दार गरीब विद्यार्थ्यासाठी फक्त त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या औदार्याने उघडते, हक्काने नाही.

आणि हा भेद दोन विद्यापीठांपुरता तरी राहिला आहे का? १९९९ च्या सुमारास मुंबई विद्यापीठात व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर सुरू झाला, तेव्हापासून आपल्या अनुदानित महाविद्यालयांच्या इमारतींत खाजगी मजले तयार झाले आहेत. २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांना सामायिक प्रवेशपरीक्षा लागू झाली, तेव्हा अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य पदवीत नेला व परीक्षेच्या बाहेर काढला. सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखाली, सार्वजनिक परीक्षेला दिलेली ही बगल. तळमजल्यावर मराठी आणि इतिहास, वरच्या मजल्यावर वातानुकूलित वर्ग. आम्ही दोन्हीकडे तास घेतो.

मी शिफारसपत्रात टक्क्यांचा प्रश्न रिकामा सोडला होता. त्याऐवजी वह्यांविषयी दीड पान लिहिले, पोळीच्या आकाराविषयीही. संगणकीय अर्ज तो रकाना रिकामा ठेवून पुढे सरकेना, म्हणून शेवटी 'सांगता येत नाही' हा पर्याय निवडला. तो यादीत सर्वांत खाली होता. तिनेही निवेदनातून गळणारे छप्पर काढले. बोटे राहू दिली, कारण ती खरी होती.

अनामत भरली गेली नाही. जुलैमध्ये कलिन्याची यादी लागली, संकेतस्थळावर, आणि तिचे नाव दुसऱ्या पानावर होते. पहिल्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिने वाकोला, कलिना आणि खार पूर्व येथील पोळी-भाजी केंद्रांतून दर आणि पोळीचे वजन नोंदवायला सुरुवात केली आहे. वजनकाटा आईचाच. मागील आठवड्यापर्यंत अकरा केंद्रे झाली होती. दोन ठिकाणी तिला पोळी विकत घ्यावी लागली, कारण वजन करू देत नव्हते.